‘एक वर्ष थांब’ म्हणणाऱ्यांना

यवतमाळ जिल्ह्यात पाण्याची टंचाई असते, डॉक्टरांची असते, वेळेवर येणाऱ्या एसटीची असते. सल्ल्याची कधीच नसते. त्यातही एखाद्या मुलीचा नंबर नर्सिंगला नाहीतर बीएडला लागला असेल आणि त्याच सुमारास तिची पाळी चुकली असेल, तर सल्ले अंगणात मावत नाहीत. “आता कायची ट्रेनिंग व? घरीच राय.” “इतकी शिकली अन् एवढं नाई समजलं?” “एक वर्ष थांबलं तं काय बिघडते? कॉलेज काय पळून चाललं?” आणि दाराआड, आवाज खाली आणून, “नको असन तं मोकळी हो ना, कोणाले काय समजते!” हे सगळं मायेनं बोललं जातं, हीच अडचण आहे. शिवी दिली असती तर उत्तर देणं सोपं होतं.

हे मत काही फक्त ओट्यावरच्या बायकांचं नाही. प्राचार्यांच्या खोलीत ते ‘नियम’ या नावानं बसतं, दवाखान्यात ‘बाळाची काळजी’ म्हणून भेटतं, आणि सासरी ‘आमच्या घराची रीत’ म्हणून. थोडक्यात त्याचं म्हणणं असं : गर्भारपण आणि व्यावसायिक प्रशिक्षण एका वेळी जमत नाही, ते एकाच वेळी आलं ही मुलीची चूक, चूक तिची म्हणून निस्तरायचंही तिनंच, आणि निस्तरायचं म्हणजे दोनांपैकी एक सोडायचं. चार वाक्यं आहेत. चारही तपासून बघू.

आधी ‘कळायला नको होतं का?’ हे घेऊ, कारण ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. आपल्याकडे लग्नं कधी होतात? बहुतेक चैत्र-वैशाखात, ओढून ताणून ज्येष्ठापर्यंत. एकदा पेरणी सुरू झाली की मांडव घालायला माणूस मिळत नाही. बारावीचा निकाल मे-जूनच्या आसपास. मग सीईटीचे गुण, ऑनलाइन अर्ज, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, पहिली फेरी, दुसरी फेरी. यादीत नाव दिसेपर्यंत श्रावण उजाडतो, कधी गणपती येऊन जातात. आता वैशाखात लग्न लागलेल्या मुलीचा हिशोब मांडा. साक्षगंधाला सासरच्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, ‘पोरगी हुशार आहे, आम्ही शिकवू.’ लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला त्याच घरातून विचारणा सुरू झाली, ‘गोड बातमी कवा?’ बातमी आली. पंधरा दिवसांनी प्रवेशाची यादीही आली. यात अपघात कुठला? लग्नाची तारीख तिनं ठरवली नव्हती, प्रवेशफेरीची तारीखही तिच्या हातात नव्हती. मुहूर्त भटजींनी काढला आणि वेळापत्रक मुंबईहून आलं. दोन्हींची टक्कर तिच्या पोटात झाली, आणि बेजबाबदार मात्र ती.

आणि ‘कळायला’ म्हणजे नक्की काय कळायला हवं होतं? गर्भनिरोधनाचं शिक्षण आपण या मुलींना कुठल्या वर्गात दिलं? र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. त्याला शतक उलटून गेलं. आज महाराष्ट्रात विवाहित जोडपी गर्भधारणा कशी टाळतात, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीनुसार निम्म्याच्या आसपास स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, आणि पुरुषांची नसबंदी अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. याचा अर्थ सरळ आहे. आपल्याला एकच पद्धत येते : लेकरं होऊ द्यायची आणि मग बाईचं ‘ऑपरेशन’ करून टाकायचं. पहिलं मूल लांबवायचं, नव्या नवरीनं दोन वर्षं गोळ्या घ्यायच्या किंवा नवऱ्यानं निरोध वापरायचा, ही गोष्ट या पद्धतीत कुठे बसतच नाही. नव्या सुनेच्या पेटीत गोळ्यांचं पाकीट सापडलं तर घरात काय होतं, हे मी सांगायला नको. वांझपणाच्या शंकेपासून चारित्र्याच्या शंकेपर्यंतचा प्रवास एका संध्याकाळीत होतो. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के अशा आहेत, ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं. कायद्यानं ज्यांना लग्नच करता येत नव्हतं, त्यांनी गर्भनिरोधनाचा निर्णय मात्र सज्ञानपणे घ्यायला हवा होता, असं का?

शिवाय साधनं फसतात. नीट वापरूनही फसतात. आपल्या गर्भपात कायद्याला हे १९७१ सालीच माहीत होतं. गर्भनिरोधक निकामी ठरून राहिलेल्या नकोशा गर्भाचा मनस्ताप हा स्त्रीच्या मानसिक आरोग्यावरचा गंभीर आघात मानावा, असं त्यात तेव्हापासून लिहिलं आहे. तेव्हा ते फक्त विवाहितेपुरतं होतं, २०२१च्या दुरुस्तीनं सगळ्यांना लागू झालं. संसदेला जे कळलं ते ओट्यावर पोचायला आणखी किती वर्षं लागणार?

आता दुसरा सल्ला, सगळ्यात गोड आणि सगळ्यात महाग : ‘एक वर्ष थांब.’ हा सल्ला देणाऱ्याला वाटतं, जागा म्हणजे एसटीतलं रुमाल टाकून धरलेलं आसन आहे. परत येऊ, रुमाल उचलू, बसू. तसं नसतं हो. प्रवेश सोडला की सोडला. मूळ कागदपत्रं कॉलेजातून सोडवून आणायची, भरलेल्या पैशांतले काही गेले तर गेले म्हणायचं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, वर ‘मधल्या वर्षी काय करत होता?’ याचं उत्तर म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्र. त्यावर काय लिहायचं असतं, तर सदर काळात मी कुठेही शिकत नव्हते. खरंच आहे, ती तेव्हा फक्त एक माणूस घडवत होती. आणि पुढच्या वर्षी यादी तीच लागेल याची हमी कोण घेणार? त्या वर्षात सासऱ्यांचं आजारपण येणार, कापसाचा भाव पडणार, दिराचं लग्न निघणार, आणि ‘लेकरू अजून अंगावर पिते’ हे कारण तर पाळण्याबरोबरच घरात आलेलं असणार. मग दुसऱ्या मुलाची आठवण करून दिली जाईल, ‘एकाले एक सोबत पाह्यजे.’ थांबलेल्या वर्षाची बेरीज करायला कुणी बसत नाही, म्हणून ते एकच वर्ष वाटतं. दारव्हा असो की उमरखेड, अशा ‘एकच वर्ष’ थांबलेल्या बाया प्रत्येक गावात आहेत. त्यांची मुलं आता दहावीला आहेत.

यावर शहाणी माणसं ठेवणीतला मुद्दा काढतात : ‘अहो, पण पोटात बाळ असताना झेपेल का? वॉर्डातल्या उभ्या पाळ्या, रात्रपाळी, प्रवास. बाळाचा विचार नको?’ हा बाळाचा विचार ऐकून मला नेहमी जुलै महिना आठवतो. राळेगाव, मारेगाव, घाटंजी, कुठल्याही बाजूला जा. कपाशीच्या तासात निंदायला वाकलेल्या बायांत सहावा-सातवा महिना लागलेल्या किती असतात, हे वाकून बघायचीही गरज नाही, दुरून दिसतं. दिवाळीनंतर वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधून, तिच्यात कापूस कोंबत, पोट सांभाळत त्या उन्हात उभ्या असतात. पुसद, महागाव, दिग्रसच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया तर दिवस भरेपर्यंत मोळ्या उचलतात. त्यांना कुणी कधी म्हटलंय का, ‘बाई, एक वर्ष थांब, बाळाचा विचार कर’? त्यांच्या बाबतीत बाळ चिवट असतं, आणि हातात पुस्तक आलं की तेच बाळ नाजूक होतं. बाईच्या श्रमाला कुणाची हरकत नाही. ती श्रमातून वर सरकायला लागली की सगळ्यांना एकदम वैद्यकशास्त्र आठवतं.

यात खरं तेवढं आनंदानं मान्य. क्ष-किरण विभागात गरोदर मुलीला उभं करू नये, कर्करोगाची औषधं तिच्या हाताला लागू नयेत, संसर्गाच्या वॉर्डात तिची पाळी लावू नये. पण हे करायला प्रवेश रद्द करावा लागत नाही, ड्युटीचा तक्ता बदलावा लागतो. तो तक्ता पेन्सिलीनं लिहिलेला असतो, कुणाच्या भावाच्या लग्नासाठी दर महिन्याला खोडला जातो.

नर्सिंगचंच उदाहरण घेते, कारण त्यातला विरोधाभास डोळ्यांत भरतो. इथे मुली शिकतात काय? गरोदर बाईची तपासणी कशी करायची, तिचं वजन, तिचा रक्तदाब, तिचं हिमोग्लोबिन, प्रसूती कशी करायची, बाळाला पहिल्या तासात छातीशी कसं लावायचं. भिंतीवर मातेचे तक्ते, कपाटात गर्भाशयाची प्रतिकृती. ज्या संस्थेचं अर्धं अस्तित्व गर्भारपणावर उभं आहे, त्या संस्थेत एक विद्यार्थिनी स्वतः गरोदर निघाली की जणू ऑपरेशन थिएटरात गाय शिरल्यासारखा गोंधळ! भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात विवाहित उमेदवार प्रवेशाला पात्र आहेत, हे स्पष्ट आहे. विवाहित चालते, मग विवाहितेला दिवस जाऊ शकतात एवढा अंदाज नियम करणाऱ्यांना का नसावा?

आणि त्याच वॉर्डात, त्याच पाळीला, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या कायम नोकरीतल्या सिस्टरला राज्य शासनाची १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. खासगी नोकरीत असती तर कायद्याप्रमाणे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. गर्भ पडला किंवा कायदेशीर गर्भपात करून घेतला तरी सहा आठवडे पगारी रजा. विद्यार्थिनीला काय? प्राचार्यांची मर्जी. सलाइन लावताना, बेडपॅन उचलताना, रात्री तीनला रुग्णाच्या नातेवाइकाच्या शिव्या खाताना ती कर्मचारी असते. रजा मागितली की ती तत्काळ ‘स्टुडंट’ होते.

बीएडचा हिशोब तर कागदावरच मांडता येतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४च्या नियमांप्रमाणे वर्गाची हजेरी ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपची ९० टक्के. इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची. आठवड्याचे सहा दिवस धरा : १२० दिवस. दहा टक्के सूट म्हणजे १२ दिवस. बारा! म्हणजे बाळाचं बारसं ज्या दिवशी, त्या दिवशी आईची सूट संपली. तेराव्या दिवशी तिनं पाळण्याची दोरी कुणाच्या तरी हातात देऊन फळ्यासमोर उभं राहायचं. आणि गंमत अशी की सव्वा महिना बाळंतिणीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये, वारा लागतो, असं सांगणारी हीच आपली माणसं. नियम दाखवला की म्हणतात, ‘मग नियमाप्रमाणे नसेल जमत तर सोडून द्यावं.’ रीत पाळायची तीही तिनं आणि नियम पाळायचा तोही तिनं. दोन्ही पाळणं अशक्य आहे, हे सांगायचा अधिकार मात्र तिला नाही.

‘नियम आहे’ हे वाक्य मला फार दिवस ऐकवलं गेलं आहे, म्हणून नियमांचा इतिहासही थोडा ऐकवते. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या अर्जात एके काळी बाईनं आपल्या मासिक पाळीची, गर्भारपणाची माहिती लिहून द्यायची असे. नीरा माथुर नावाच्या उमेदवारानं प्रशिक्षण पूर्ण केलं, परिविक्षेवर रुजू झाली, १९९० साली बाळंतपणाची रजा घेतली, आणि तिला काढून टाकलं. कारण काय, तर तिनं पाळीची तारीख चुकीची लिहिली. सर्वोच्च न्यायालयानं तिला परत घ्यायला लावलं आणि ते लाजिरवाणे रकाने अर्जातून काढून टाकायला सांगितले. हा नियमच होता. त्याआधी १९८१ साली एअर इंडियाचा एक नियम कोर्टानं रद्द केला : हवाई सेविकेला पहिला गर्भ राहिला की नोकरी संपली. तोही नियमच. आणि हे जुनं झालं म्हणाल तर २०२२च्या जानेवारीत स्टेट बँकेच्या नव्या सूचना बाहेर आल्या : तीन महिन्यांच्या वर गरोदर असलेली उमेदवार ‘तात्पुरती अपात्र’, तिनं बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत यावं. गदारोळ झाला आणि महिना संपायच्या आत सूचना गुंडाळून ठेवावी लागली. असे ‘नियम’ बोंब होईपर्यंतच टिकतात, असं माझं निरीक्षण आहे.

बीएडच्या पुढची पायरी एमएड. मेरठच्या चौधरी चरण सिंह विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीला बाळंतपणामुळे हजेरी कमी पडली, विद्यापीठानं सवलत नाकारली. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे २०२३मध्ये न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. शिक्षण आणि मातृत्व यांतलं एक निवड, असं बाईला सांगता येणार नाही, असा त्याचा आशय. विद्यापीठ अनुदान आयोगानं तर १४ डिसेंबर २०२१लाच सगळ्या उच्च शिक्षण संस्थांना कळवलं होतं की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे नियम करा, हजेरीत आणि परीक्षा अर्जाच्या तारखांत सवलत द्या. केरळातल्या कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठानं पुढच्याच वर्षी विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा दिली. तिथली विद्यापीठं काही कोसळली नाहीत. अमेरिकेत १९७५पासून नियम आहे की डॉक्टर सांगतील तितके दिवस गरोदर विद्यार्थिनीला रजा द्यायची आणि परत आल्यावर ती जिथे होती तिथेच तिला बसवायचं. आपल्या भागातल्या किती कॉलेजांच्या माहितीपुस्तिकेत यातलं अक्षर तरी आहे? गणवेशाचा रंग असतो, बुटांचा असतो, केस किती घट्ट बांधायचे हेही असतं.

सरकारचं तर विचारूच नका. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी महाराष्ट्र शासनानं जुलै २०२४मध्ये पूर्ण माफ केली. चांगलं केलं. पहिल्या बाळंतपणाला केंद्राच्या मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात. तेही चांगलं. एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे ही मुलगी शिकायला गेली तर सरकार आनंदी, गरोदर राहिली तरी सरकार आनंदी. फक्त दोन्ही एकदम झालं की एका खात्यानं दुसऱ्या खात्याकडे बघायचं नाही.

आता ‘मोकळी हो’ म्हणणाऱ्यांकडे वळते. आणि त्यांच्या बरोबरच, ‘पाप आहे, देवानं दिलं ते नाकारू नये’ म्हणणाऱ्यांकडेही. हे दोन पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक दिसतात. मला ते सख्खे भाऊ वाटतात, कारण त्या मुलीला विचारायचं दोघांनाही सुचत नाही. कायद्याला मात्र सुचलं आहे. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती गर्भपाताला पुरते. नवऱ्याची सही, सासूची सही, बापाची सही १९७१च्या कायद्यात कुठेच मागितलेली नाही. दवाखान्यात ती मागितली जाते ती सवयीनं, भीतीनं. २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतूनही अविवाहित स्त्रीला केवळ ती अविवाहित आहे म्हणून वगळता येणार नाही. हे सगळं इतकं स्वच्छ असताना, जिल्ह्याच्या कोपऱ्यातल्या मुलीला काय माहीत असतं? तिनं दवाखान्याच्या भिंतीवर एकच फलक पाहिलेला असतो : गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. त्यावरून तिची, तिच्या नवऱ्याची, कधी कधी गावातल्या पुढाऱ्याचीही समजूत झालेली असते की गर्भपातच बेकायदा आहे. परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण २०१२ साली उघडकीला आल्यानंतर राज्यात गर्भपाताच्या गोळ्यांवर नजर कडक झाली आणि औषध दुकानदारांनी त्या ठेवायलाच नको म्हटलं. लिंगनिदान करणारा डॉक्टर आणि सहाव्या आठवड्यात दारात आलेली घाबरलेली मुलगी, दोघांना एकाच चष्म्यातून बघितलं गेलं. सहाव्या आठवड्यात लिंग कळतच नाही, हे सांगायला वैद्यकीय महाविद्यालय लागत नाही. यवतमाळात तर तेही १९८९पासून आहे.

म्हणून ‘मोकळी हो’ हा सल्लाही फुकाचा आहे. कुठे, कुणाकडे, कुणाबरोबर, किती आठवड्यांच्या आत, हे सांगायचं नाही आणि नंतर तिच्या डोळ्याला डोळाही द्यायचा नाही. आणि ती ठेवायचं म्हणाली तर? ट्रेनिंगही करायचं म्हणाली तर? तेव्हा हेच लोक म्हणणार, ‘हट्टी आहे.’

लग्न न झालेलीचं काय, यावर आपल्या जिल्ह्यानं बोलूच नये अशी परिस्थिती आहे. झरी जामणी तालुक्याचं नाव महाराष्ट्रभर कशामुळे पोचलं? कोलाम, गोंड पोरींना फसवून निघून गेलेल्या पुरुषांमुळे. पण आपण त्या प्रश्नाला नाव दिलं ‘कुमारी मातांचा प्रश्न’. पळून गेलेल्यांच्या नावानं कुठलाही प्रश्न नाही. दौरे झाले, सर्वेक्षणं झाली, पुनर्वसनाच्या घोषणा झाल्या. त्या मुलींपैकी कुणाची शाळा सुटली, कुणाचं आश्रमशाळेतून पुढे नर्सिंगला जायचं राहून गेलं, याची यादी कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. पुरुषाचं मात्र काय सुटलं? पोलीस भरतीत निवडलेल्या मुलाची बायको गरोदर राहिली तर त्याच्या ट्रेनिंगचा एक दिवसही बुडत नाही. उलट पेढे वाटले जातात. तेच मूल, तेच दोन जण. एकाची बातमी गोड आणि दुसरीची अडचण.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आपल्याच वऱ्हाडातल्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नकोसं मूल मारल्याबद्दल १८८१ साली फाशी सुनावली गेली, वर्तमानपत्रांतून तमाम बायकांच्या अनीतीवर अग्रलेख सुरू झाले, तेव्हा ताराबाईंनी पुढच्याच वर्षी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारलं की त्या पुरुषाचं काय? त्याच्या आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून दार उघडं ठेवलं होतं : या, बाळंत व्हा, कुणी काही विचारणार नाही. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांना त्याच्याच दवाखान्यात आणत होत्या. नको असलेल्या वेळी राहिलेला गर्भ म्हणजे सगळ्याचा शेवट, असं ज्यांना वाटतं त्यांनी सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालताना थोडं आठवावं. हार घालणाऱ्यांत प्राचार्यही असतात.

आनंदीबाई जोशींचं नाव आलं नाही तर हा लेख मराठी वाटणार नाही, तेव्हा तेही घेते. चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलं, त्या दुःखातून डॉक्टर व्हायची जिद्द, १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात हे भाषण दर वर्षी होतं आणि टाळ्या पडतात. माझा एक वाईट प्रश्न आहे : मूल जगलं असतं तर? चौदा वर्षांच्या आईला कडेवर पोर घेऊन अमेरिकेला जायचंय, असं म्हटल्यावर याच टाळ्या वाजवणाऱ्यांनी काय म्हटलं असतं? ‘एक वर्ष थांब’च ना? आपल्याला आई झालेली विद्यार्थिनी आवडते, पण तिची अडचण आधीच मरून गेलेली असावी लागते. दुसरं उदाहरण कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलींचं. त्या वैद्यकीय शिक्षण घेत असताना बाळंत झाल्या आणि अवघे तेरा दिवस गैरहजर राहिल्या, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८८८च्या पत्रात कौतुकानं लिहिलं. हे कौतुक मला कधीच गिळता आलं नाही. तेरा दिवस ही कादंबिनींची थोरवी असेल. ती मोजपट्टी नव्हती. आपण मात्र तिचीच मोजपट्टी केली आणि वर एक दिवस कापून घेतला. बीएडवाले बाराच देतात.

‘पण निभावणाऱ्या निभावतात की!’ हा शेवटचा बचाव. हो, निभावतात. माहेरी आईकडे बाळ ठेवून, हॉस्टेलच्या संडासात दूध पिळून टाकत, छाती गच्च भरून ताप आलेला असताना प्रॅक्टिकलची जर्नल लिहीत, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं वणीला जाऊन सोमवारी पहाटे परत येत. यांना ‘रणरागिणी’ म्हणून महिला दिनी शाल द्यायची पद्धत आहे. शाल नको. एक खोली द्या, जिला आतून कडी आहे आणि जिच्यात एक खुर्ची आहे. निभावणं हा काही त्यांचा छंद नव्हता, त्यांना दुसरा रस्ता ठेवला नव्हता. आणि ज्यांना निभावता आलं नाही, त्या कमी पडल्या असं म्हणायची तुमची हिंमत कशी होते? ज्या मुलीची आई हयात नाही, जिचं माहेर शेतमजुरीवर आहे, जिचा नवरा सुरतेला कामाला आहे, तिनं कुठल्या बळावर निभावायचं होतं?

म्हणून ‘जमवून घे’ हे आता त्या मुलीला सांगणं बंद करा. तिनं लग्नाच्या तारखेशी जमवून घेतलं, सासरच्या घाईशी घेतलं, प्रवेशफेरीशी घेतलं, अंगातल्या बदलांशी घेते आहे. आता ज्यांनी आजवर कशाशीच जमवून घेतलेलं नाही, त्यांची पाळी आहे. प्राचार्य, येत्या जुलैत तुमची माहितीपुस्तिका छापायला जाईल, त्यात गणवेशाच्या पानाच्या आधी एक पान घाला : गरोदर विद्यार्थिनीची जागा राखून ठेवली जाईल. तिच्या रजेचे दिवस हजेरीच्या हिशोबातून वगळले जातील. राहिलेली इंटर्नशिप, राहिलेल्या पाळ्या, राहिलेल्या प्रॅक्टिकल पुढच्या तुकडीबरोबर करता येतील, पुन्हा प्रवेश न घेता, पुन्हा फी न भरता. ठेवायचं की नाही हे तिला कुणी विचारणार नाही. तिनं विचारलं तर कायदा काय म्हणतो आणि जवळचं शासकीय रुग्णालय कुठलं, हे तिला एकटीला, दार लावून सांगितलं जाईल. शिखर संस्थेची परवानगी लागते म्हणाल तर आजच पत्र लिहा, उद्या उत्तराची वाट बघा, परवा स्मरणपत्र पाठवा. बुटांच्या रंगासाठी तुम्ही एवढं केलेलं आहे. आणि सासूबाई, साक्षगंधाला तुम्ही चार माणसांत शब्द दिला होता. त्यात ‘दिवस गेले नाहीत तर’ असं काही म्हटल्याचं त्या चारांपैकी कुणालाच आठवत नाही.